वार अडकणे आणि रक्ततपासणी

बाळ जन्मले, रडले, की घरची माणसे निश्चिंत होतात. परंतु वार पडेपर्यंत बाळंतपण पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. वार, म्हणजेच प्लॅसेंटा, हा गर्भाला आईच्या रक्तातून अन्न व प्राणवायू पुरवणारा अवयव होय. साधारणतः बाळानंतर अर्ध्या तासात ती आपोआप सुटते. वार अडकण्याची काही साधी कारणे असतात. येथे विचार करायचा आहे तो ती गर्भाशयात खोल रुजून बसण्याच्या गंभीर प्रकाराचा.

असे का होते?

वार व गर्भाशयाचा स्नायू यांच्यामध्ये एक मऊ अस्तर असते. सिझेरियन, गर्भाशयावरील इतर शस्त्रक्रिया किंवा पिशवी साफ करणे यांमुळे तेथे व्रण राहतो आणि अस्तर विरळ होते. पुढच्या खेपेस वार त्याच जागी रुजली, तर तिची मुळे स्नायूत शिरतात. क्वचित मूत्राशयापर्यंतही पोहोचतात. दिवस भरताना गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. अशी वार ओढून काढू गेल्यास काही मिनिटांतच मातेचा जीव धोक्यात येतो.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की वार गर्भाशयाच्या तोंडावर असून पूर्वी एक सिझेरियन झालेले असेल, तर १०० पैकी सुमारे ११ मातांमध्ये ती रुजून बसते. दोन सिझेरियन झालेली असतील तर ४०, आणि तीन असतील तर ६१. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १०० पैकी सुमारे २५ बाळंतपणे सिझेरियनने झाली. म्हणून हा विषय आता घरोघरचा आहे.

रक्त काय सांगते?

अशा मातांच्या रक्तात अल्फा-फिटोप्रोटीनसारखी काही प्रथिने वाढलेली आढळतात. २०२१ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी मातेच्या रक्तात फिरणाऱ्या वारेच्या पेशी व त्यांचे पुंजके एका सूक्ष्म चिपवर पकडून रोग ओळखण्याची पद्धत मांडली. संशोधन आशादायक आहे. परंतु केवळ रक्तावरून खात्रीचे निदान करणारी तपासणी अद्याप नित्याच्या वापरात नाही.

यातील अडचण विद्यार्थ्यांनी हिशेबाने समजून घ्यावी. समजा, १००० गर्भवतींपैकी दोघींना हा रोग आहे. तपासणीने दोघींनाही ओळखले, पण निरोगी मातांपैकी १०० मागे ५ जणींना चुकून रोगी ठरवले. म्हणजे सुमारे ५२ जणींना धोका सांगितला जाईल. त्यांपैकी खऱ्या रोगी दोनच! म्हणून अशी तपासणी सरसकट न करता, मुळातच धोका असलेल्या मातांसाठी अधिक उपयोगी ठरेल.

आज काय करावे?

आजचा मुख्य आधार म्हणजे पूर्वीच्या शस्त्रक्रियेची माहिती व कलर डॉपलर सोनोग्राफी. गरज पडल्यास एम.आर.आय.

महाळुंगे-चाकण परिसरात कामासाठी दूरदूरहून आलेली कुटुंबे राहतात. पहिले बाळंतपण माहेरी होते, त्याचा कागद तिथेच राहतो, आणि दुसऱ्या वेळी डॉक्टर नवे असतात. यासाठी भगिनींनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) सिझेरियनचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे व पहिल्याच तपासणीला दाखवावे.
२) वार कोठे आहे आणि जुन्या व्रणावर आहे काय, हे सोनोग्राफीच्या वेळी विचारावे.
३) हिमोग्लोबिन व रक्तगट वेळेवर तपासावा. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा.
४) वार रुजल्याची शंका असल्यास रक्तपेढी, भूलतज्ज्ञ व अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात आधीच नाव नोंदवावे. अशी शस्त्रक्रिया बहुधा ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ठरवून करतात. प्रसंगी गर्भाशय काढावे लागते.
५) रक्तस्राव दिसताच, दुखत नसले तरी, १०८ क्रमांकावर फोन करावा.

उद्या रक्ताचा एक थेंब कदाचित हे सारे सांगेल. तोपर्यंत पेटीतला तो जुना कागद आईचा जीव वाचवू शकतो. तो आजच शोधून ठेवावा, ही सर्वांना नम्र विनंती.