बॉल धातूचा की सिरॅमिकचा?

प्रश्न : आईला (वय 68) खुब्याचा सांधा बदलायला सांगितला आहे. डॉक्टरांनी तीन पर्याय दिलेत : धातूचा बॉल, सिरॅमिकचा बॉल, आणि बॉल-वाटी दोन्ही सिरॅमिकची. प्रत्येकाचा दर चढता. शेजारचे काका म्हणतात, धातूचा घेऊच नका, रक्तात विष भिनतं. हे खरं का? आणि महागाचा तो चांगला, असं धरायचं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : काकांनी ऐकलेलं खोटं नाही, पण ते ज्या सांध्याबद्दल आहे तो आईच्या यादीत बहुधा नसेलच. आजच्या यादीतला ‘धातूचा बॉल’ प्लास्टिकच्या वाटीत फिरतो. ज्याने घात केला त्यात बॉलही धातूचा होता आणि वाटीही धातूचीच.

मांडीच्या हाडात एक दांडा बसवतात, त्याच्या टोकावर गोळा, आणि कमरेच्या हाडात अस्तर लावलेली वाटी. गोळा वाटीत फिरणार म्हणजे घासणार, घासणार म्हणजे झिजणार. झिजेचे बारीक कण आजूबाजूला साचले की शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. त्या झटापटीत शेजारचं हाड खाल्लं जातं आणि सांधा ढिला होतो. म्हणून सगळा प्रश्न एवढाच, की काय कशावर घासतंय.

हा धडा पहिल्यांदा गिरवला इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी. 1950च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. तेच टेफ्लॉन, जे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या आणि शेकडो सांधे पुन्हा उघडायची पाळी आली. टेफ्लॉनचं शरीरात काय होतं हे पाहायला या गृहस्थांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं होतं! 1962च्या नोव्हेंबरात त्यांनी पोलादी गोळा आणि चिवट पॉलिथीनची वाटी ही जोडी बसवली. आजचा धातू-प्लास्टिकचा सांधा तिचाच वंशज. फक्त प्लास्टिक आता किरणोत्सर्गाने अधिक घट्ट केलेलं असतं आणि फारच कमी झिजतं.

मग धातूवर धातू का आला? प्लास्टिकची झीजच नको म्हणून. तरुण, धावत्या-पळत्या रुग्णांसाठी तो जास्त टिकेल, असं सांगून विकला गेला. त्यातला बदनाम झालेला प्रकार म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीचा ‘एएसआर’. त्याची वाटी उथळ होती, भार कडेवर यायचा. कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटून रक्तात जायचे आणि सांध्याभोवतीचं मांस सडायचं. ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2009मध्येच तो बाजारातून गेला. जगभरातून मागे घेतला तो ऑगस्ट 2010मध्ये. तोवर सुमारे 93 हजार सांधे बसले होते. पाच वर्षांत साधारण आठातल्या एकाला पुन्हा शस्त्रक्रिया लागत होती, हे तेव्हा कंपनीनेच जाहीर केलं. भारतात अशा सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार नोंदवली, पण केंद्राची चौकशी समिती यायला 2017 उजाडलं. नोव्हेंबर 2018मध्ये 30 लाख ते 1 कोटी 23 लाख रुपये असं भरपाईचं सूत्र ठरलं.

आता आईकडे वळू. या वयात घट्ट केलेल्या प्लास्टिकच्या वाटीत धातूचा किंवा सिरॅमिकचा बॉल, दोन्ही चांगलेच. बॉल दांड्यावर बसतो त्या जोडावर धातूला क्वचित गंज चढतो. सिरॅमिकच्या बॉलने ती भीती कमी होते, म्हणून परवडत असेल तर तो घ्यावा. दोन्ही बाजू सिरॅमिक हा मात्र मुख्यतः तरुणांसाठीचा मामला. झीज जवळजवळ शून्य, पण काहींचा सांधा चालताना चक्क कुरकुरतो, आणि अगदी क्वचित फुटतोही. अडुसष्टाव्या वर्षी त्यासाठी कर्ज काढायचं कारण मला दिसत नाही. सिमेंट लावून बसवायचा की बिनसिमेंटचा, हे हाड किती ठिसूळ आहे ते पाहून सर्जनलाच ठरवू द्या.

बॉलच्या चर्चेत खरे धोके मागे पडतात. जंतुसंसर्ग शंभरात सुमारे एकाला होतो, आणि तो झाला तर महाग-स्वस्त सगळे सांधे सारखेच. शिवाय पायात रक्ताची गुठळी, सांधा निखळणं, पाय किंचित लांब-आखूड होणं. म्हणून साखर आटोक्यात आणा, किडलेले दात आधीच दाखवा, घरात कमोडची सोय करा. मांडी घालून पंगतीला कधी बसायचं, ते डॉक्टरांना विचारूनच. बाकी चिंता नको : मोठ्या अभ्यासांत शंभरातले सुमारे 58 सांधे 25 वर्षं टिकलेले दिसले.

डॉक्टरांना दर विचारण्याआधी एक विचारा : हेच मॉडेल किती वर्षं वापरात आहे आणि दहा वर्षांनी किती जणांचं बदलावं लागलं? ‘अगदी नवीन आलंय’ हे उत्तर मिळालं तर जुनं मागा.

आणि इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर, ज्यावर मॉडेल आणि लॉट नंबर असतो, ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका. एएसआर बसवलेल्या त्या 4,700पैकी साडेतीन हजारांहून अधिकांचा समितीला पत्ताच लागला नव्हता.