चटका बसला तर आधी पाणी

मागच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाच्या पायावर गरम चहा सांडला. आजीने लगेच त्यावर दात घासायची पेस्ट थापली. तिला कोणीतरी तसेच सांगितले होते. दवाखान्यात नर्सबाई ती पेस्ट पुसून काढत होत्या तेव्हा तो एवढा ओरडला की मी बाहेर कान झाकून बसले. नर्सबाई म्हणाल्या, "भाजलं की आधी पाणी. पेस्ट, तूप, हळद, शाई काही लावायचं नाही."

परवा चुलीपाशी माझाच हात तव्याला लागला. कोपराच्या खाली रुपयाएवढा चटका बसला. मी आधी बांगड्या काढल्या, कारण सूज आली की त्या निघत नाहीत. आमच्या घरी नळ नाही. म्हणून खाली घमेले ठेवले आणि तांब्याने हातावर हळूहळू पाणी सोडत बसले. आजी म्हणाली, "एवढं पानी कशाला सांडतीस?" मी म्हटलं, "घमेल्यातलं म्हशीला घालू."

असे वीस मिनिटे करावे लागते. भाकरी तव्यावरून काढली तरी टोपलीत गरम असतेच ना? तशीच उष्णता कातडीत राहते आणि आत भाजत जाते. पाणी ती काढून घेते. बर्फ मात्र लावू नये, त्याने कातडीला आणखी इजा होते. मी दोन ते तीस पाढे म्हटले, तरी वेळ उरला. मग एकोणतीसचा परत म्हटला, कारण तो चुकला होता.

नंतर आईने धुतलेले सुती फडके सैल बांधले. कापूस लावला नाही, त्याचे तंतू चिकटतात. दुसऱ्या दिवशी फोड आला. तो फोडायचा नाही, त्याच्याखाली जखम झाकलेली राहते.

पण आपल्या तळहाताहून मोठे भाजले, तोंडाला, डोळ्याला किंवा सांध्याला भाजले, कातडी पांढरी किंवा काळी पडली, तर घरी बसू नये. लहान बाळाला भाजले तरी दवाखान्यातच न्यावे. कपडा चिकटला असेल तर ओढू नये. विजेने भाजले तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच माणसाला हात लावावा. 108 वर फोन केला की रुग्णवाहिका येते.

आता पेस्ट मोरीतच असते. आजी रोज चुलीजवळ पाण्याची कळशी भरून ठेवते आणि त्यात कोणी भांडे बुडवले की तिचा आवाज पार वेशीपर्यंत जातो.