यंत्रांच्या सूक्ष्म भागांची श्राव्यातीत ध्वनीने सफाई

भाताचे रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले म्हणजे लावणीस योग्य होते. तेच रोप राबात चाळीस दिवस राहिले तर त्याचा फुटवा घटतो आणि पुढे कितीही खत घातले तरी ती उणीव भरून निघत नाही. म्हणून चिखलणीच्या दिवसांत टिलर चार दिवस बंद पडून राहिला, तर होणारे नुकसान दुरुस्तीच्या बिलात दिसत नाही. ते कार्तिकात खळ्यावर दिसते. पेण व रोहा या तालुक्यांत बैलजोड्या कमी झाल्या असून पेट्रोलवर चालणारे छोटे टिलर, गवत कापण्याची यंत्रे व फवारणी पंप घरोघरी आले आहेत. त्यामुळे या प्रश्नाचा विचार ग्रामसेवकांनी व यंत्रे बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनी आता नीट केला पाहिजे.

बंद पडलेले यंत्र उघडून पाहिले असता पुष्कळदा असे आढळते की इंजिन ठीक आहे, ठिणगी पडते आहे, टाकीत पेट्रोलही आहे. अडथळा असतो तो कार्ब्युरेटरमधील जेटच्या छिद्रात. लहान इंजिनाच्या मुख्य जेटचे छिद्र एक मिलिमीटरहूनही लहान असते आणि मंद गतीच्या जेटचे जवळजवळ त्याच्या निम्मे. त्यात चिकट थराचा एक कण बसला की इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन भार येताच गुदमरते.

हा थर येतो कोठून, हे दोन्ही तालुक्यांत सारखे नाही. पेणच्या खारेपाटात, म्हणजे वाशी-शिर्कीसारख्या भागात, भाताचे मुख्य पीक एकच, खरिपाचे. कापणी-मळणी आटोपली की यंत्र पडवीत ठेवले जाते ते थेट पुढच्या ज्येष्ठात बाहेर निघते. या सहा-सात महिन्यांत वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते व मागे लाखेसारखा तांबूस थर उरतो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. २०२५ मध्ये हे प्रमाण देशात २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, पाणी तळाशी बसते आणि ॲल्युमिनियम व जस्ताच्या भागांवर पांढरी भुकटी धरते. खाडीवरून येणारा खारा वारा त्यात आपली भर घालतो. रोह्याकडे, जेथे भिऱ्याच्या जलविद्युत् केंद्रातून कुंडलिकेत सुटलेले पाणी डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जाते, तेथे कालवा चालू असलेल्या वर्षी उन्हाळी भातही होते. तेथील यंत्राला विसावा कमी, पण चिखल, धूळ व तेलकट काजळी अधिक. पहिल्या प्रकारच्या घाणीवर पुढे सांगितलेला उपाय विशेष लागू पडतो. दुसरीसाठी ब्रश व कष्ट यांना पर्याय नाही.

तारेने छिद्र मोकळे करण्याची चाल

गावोगाव यावर एकच उपाय केला जातो: ब्रेकच्या केबलची एक तार सोडवून ती जेटमध्ये घालावयाची आणि फिरवावयाची. तात्पुरते काम होते, यात शंका नाही. परंतु जेट पितळेचे असते आणि तार पोलादाची. अनेक जेटांवर जो आकडा कोरलेला असतो तो छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. ७५ म्हणजे पाऊण मिलिमीटर. इतक्या मापाने केलेले छिद्र तारेने थोडे जरी ओरबाडले गेले तरी पेट्रोल अधिक जाऊ लागते, धूर काळा होतो, प्लग काजळतो आणि त्याच शेतासाठी इंधन जास्त लागते. फवाऱ्याच्या नोझलचे तर याहून वाईट होते. छिद्र एका बाजूने झिजले की फवारा तिरपा पडतो. मग आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी औषध मारताना एका फांदीला दुप्पट मात्रा मिळते आणि शेजारची फांदी कोरडी राहते. बागायतदार अशा वेळी औषधाला दोष देतात.

यंत्राची रचना व कार्य

सराफाच्या किंवा चष्म्याच्या दुकानात स्टेनलेस स्टीलची एक लहान चौकोनी टाकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्यात दागिना बुडवून बटण दाबले की पाण्यात बारीक धुरासारखी घाण सुटताना दिसते. तेच हे अल्ट्रासॉनिक, म्हणजे श्राव्यातीत ध्वनीचे सफाईयंत्र. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. या टाकीच्या तळाला बाहेरून चिकटविलेल्या चकत्या सेकंदाला बहुधा चाळीस हजार कंपने करतात. विजेच्या योगाने काही स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतात. या गुणधर्माचे मूळ १८८० मध्ये फ्रान्समध्ये क्युरी बंधूंनी लावलेल्या शोधात आहे. आपल्या देशातही या ध्वनीचा मूलगामी अभ्यास झाला आहे: १९३५-३६ मध्ये सर चंद्रशेखर वेंकट रामन व नागेंद्र नाथ यांनी अशा ध्वनिलहरींतून जाताना प्रकाश कसा विभागला जातो याची उपपत्ती बंगलोर येथे मांडली.

कंपनांमुळे पाणी क्षणोक्षणी ताणले व दाबले जाते. ताणाच्या क्षणी त्यात अतिसूक्ष्म पोकळ बुडबुडे उठतात आणि दाबाच्या क्षणी ते आतल्या आत कोसळतात. प्रत्येक कोसळण्याबरोबर पाण्याची एक बारीक पण जोरदार चपराक जवळच्या पृष्ठभागावर बसते. असे असंख्य बुडबुडे, ब्रश पोहोचत नाही अशा आडव्या-तिडव्या मार्गांतही, थर उकलीत राहतात. आगबोटीच्या पंख्यांना खड्डे पडतात ते याच कारणाने. तेथे जी शक्ती घातक ठरते तीच येथे कामास लावलेली आहे, आणि म्हणूनच मर्यादेपलीकडे चालविल्यास ती ॲल्युमिनियमचा भागही खाते. एका वेळी आठ-दहा मिनिटे पुरेत. तासभर लावून ठेवल्याने भाग अधिक स्वच्छ होत नाही.

टाकीत काय घालावे

घरच्या दुरुस्तीच्या कामास दोन-तीन लिटरची, तापक व वेळ लावण्याची सोय असलेली टाकी पुरे. तिच्यात गोडे पाणी घालावे. खारेपाटातील कूपनलिकेचे मचूळ पाणी वापरू नये. त्यातील मिठाने स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात आणि सुकल्यावर भागांवर क्षार उरतो. पावसाळ्यात पागोळीचे पाणी, पहिल्या चार सरींनी छप्पर धुतले गेल्यानंतर, स्वच्छ भांड्यात धरून गाळून घेतल्यास त्यासारखे उत्तम पाणी नाही. लिटरला एक-दोन चमचे भांडी घासण्याचा सौम्य द्रवसाबण मिसळावा. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी जस्ताचे मिश्रधातू काळवंडतात. ब्लीचिंग पावडर टाकीच नासविते. पाणी पन्नास ते साठ अंश सेल्सिअस तापवावे. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा कंपनांचा जोर शोषून घेते, म्हणून प्रथम भाग न घालता पाच-दहा मिनिटे यंत्र नुसते चालवावे.

पुढील सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. यंत्राचे भाग पेट्रोल, रॉकेल वा डिझेलमध्ये धुण्याची सवय जुनी आहे, आणि टाकीत साबणाऐवजी तेच घातले तर काम लवकर होईल असे कोणालाही वाटेल. असे कदापि करू नये. रॉकेलची वाफ सुमारे पस्तीस ते चाळीस अंशांपासूनच ठिणगीने पेट घेऊ शकते. पेट्रोलची तर आपल्याकडील कोणत्याही ऋतूत. टाकी तापते, कंपनांनी द्रवाची वाफ व तुषार वेगाने उठतात आणि खालीच विजेची जोडणी असते. बंद पडवीत एवढी सामग्री आग लागण्यास पुरेशी आहे. थर फारच जुना असेल तर भाग आधी बाहेर मोकळ्या हवेत, चुलीपासून व विडीपासून दूर, पेट्रोलमध्ये भिजवून ब्रशने घासावा, पूर्ण सुकू द्यावा आणि मगच टाकीत न्यावा.

टाकीच्या जोडणीस अर्थिंग असलेच पाहिजे. टाकी ओल्या जमिनीवर न ठेवता लाकडी मेजावर ठेवावी. द्रव भरल्यावाचून बटण दाबू नये, आणि यंत्र चालू असता त्यात बोटे घालू नयेत.

कार्ब्युरेटरची सफाई

प्रथम पेट्रोलची तोटी बंद करून वाटी रिकामी करावी. कार्ब्युरेटर उतरवून बाहेरील चिखल ब्रशने धुऊन काढावा. टाकीचे पाणी चिखल धुण्यासाठी नाही. नंतर वाटी, फ्लोट, सुई व जेट सुटे करावेत. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो किती वेढ्यांनी पूर्ण आत बसतो हे मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवावे; नंतर आठवत नाही. रबराच्या कड्या, पडदे, गॅस्केट व प्लॅस्टिकचा फ्लोट टाकीत घालू नयेत. उरलेले भाग जाळीच्या टोपलीत एकमेकांस न घासतील असे मांडावेत. टोपली तळाला टेकू न देता लोंबती ठेवावी, कारण तळावर ठेवलेला भाग तळालाच घासून झिजवितो. आठ मिनिटांनी भाग उलटावेत व पुन्हा तितकाच वेळ द्यावा. जेट उजेडासमोर धरून पाहिले असता छिद्र गोल व स्वच्छ दिसले पाहिजे.

बहुतेक माणसे येथे थांबतात आणि सफाईचा सगळा लाभ घालवून बसतात. साबणाने तेलाचा शेवटचा अंशही निघून गेलेला असतो. आषाढातील कोकणच्या हवेत असे उघडे लोखंड तासाभरात तांबूस होते. म्हणून भाग लगेच स्वच्छ गोड्या पाण्यात खळबळावेत, सायकलच्या पंपाने प्रत्येक मार्गातून हवा मारून पाणी बाहेर काढावे, कोरड्या फडक्यावर पंख्याखाली सुकवावेत आणि लोखंडी भागांना पातळ तेलाचा हात द्यावा. मार्गात पाण्याचा थेंब राहिला तर इंजिन पूर्वीसारखेच अडते आणि दोष विनाकारण यंत्रावर येतो.

फवाऱ्याच्या नोझलसाठी रीत हीच, पण त्यापूर्वी पंप व नोझल तीन वेळा पाण्याने खळबळून ते पाणी पुन्हा त्याच शेतात फवारून टाकावे आणि हातमोजे घालावेत. ज्या टाकीत औषधाची नोझल गेली तिच्यात पुन्हा चष्मा, दागिना किंवा घरातील चमचा कधीही घालू नये. डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरचे नोझल बाहेरून स्वच्छ होते हे खरे, परंतु त्याचा दाब व फवारा तपासणी-यंत्रावरच पाहावा लागतो. घरी हाताशी धरून फवारा पाहू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते व बोट गमावण्याची वेळ येते. बंद बेअरिंगांना हे यंत्र लावू नये, आतील ग्रीस निघून जाते. जुना जाड गंजही याने निघत नाही.

कोणी घ्यावे

एकच पंप असलेल्या शेतकऱ्याने हे यंत्र विकत घेण्याचे कारण नाही. त्याने हंगामाअखेर तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे वाटी कोरडी होते. एवढ्याने त्याचा बहुतेक त्रास टळेल. परंतु पडवीत दुरुस्तीचे काम करणारा गावचा तरुण, शेतकरी गट किंवा अवजारे भाड्याने देणारे केंद्र यांना ते निश्चित उपयोगी पडेल. पेण तालुक्यात हमरापूर-जोहे भागातील मूर्तिकारांच्या रंगफवाऱ्यांची तोंडेही याच दिवसांत तुंबतात. पाण्याच्या रंगाचा थर यात सुटतो, तेलरंगाचा सहसा नाही. तेव्हा कारखाना व शेतकरी यांनी मिळून एक टाकी घेण्यासही हरकत नसावी.

ग्रामसेवकांनी विकत घेण्यापूर्वी टाकीची परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखवावी. पोळ्या गुंडाळण्याची ॲल्युमिनियमची पातळ पन्नी चालू टाकीत उभी धरून अर्धा ते एक मिनिट ठेवावी. यंत्र चांगले असल्यास तिच्यावर सर्वत्र सारखी बारीक टोचणी व भोके उमटतात. एखादा पट्टा जसाच्या तसा राहिला तर तेथील चकती काम करीत नाही असे समजावे.

वापरलेले पाणी गढूळ झाले की बदलावे. ते रात्रभर बादलीत ठेवल्यास तेल वर येते. ते काढून जुन्या इंजिन-ऑइलच्या डब्यात साठवावे व असे तेल गोळा करणाऱ्यास द्यावे. औषधाची नोझल धुतलेले पाणी इतर पाण्यात मिसळू नये. तेही फवारलेल्या शेतातच टाकावे. खारेपाटात घराशेजारच्या तळ्यात जिताडा पाळण्याची रीत आहे, आणि काही कीटकनाशकांचा अगदी थोडा अंशही माशांना मारक ठरतो. साबणाच्या उरलेल्या पाण्यासाठी शोषखड्डा करावा आणि तो विहिरीपासून व तळ्यापासून दूर, उताराच्या बाजूस घ्यावा.