व्याह्यांनी चारचौघांत मुलाला हिणवले तर?

वाचनासाठी: लूक १०:३८-४२, योहान १८:१९-२३, मत्तय १८:१५-१७



विवाहपूर्व शिबिरात सासू-सुनेचा विषय हमखास निघतो. व्याह्यांच्या आपापसातल्या नात्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. फादरांनी आम्हा पती-पत्नीला या पानासाठी लिहायला सांगितले तेव्हा आम्ही हाच विषय घेतला, कारण त्यात आम्ही स्वतः चुकलो आहोत.

तीन वर्षांपूर्वी नातीच्या स्नानसंस्काराची मेजवानी होती. मंडप पाहुण्यांनी भरला होता. टोस्टसाठी व्याह्यांच्या हाती माइक आला. आमच्या मुलाची नोकरी जाऊन तेव्हा ७ महिने झाले होते. सूनबाईची रजा संपल्यावर बाळाला तोच सांभाळणार, असे त्या दोघांनी ठरवले होते. व्याही हसत म्हणाले, "आमच्या मुलीला आता दोन बाळं सांभाळायची आहेत. एक हे लहान आणि एक ते मोठं!" आणि त्यांनी आमच्या मुलाकडे बोट केले. मंडप हसला. मुलगाही हसला, पण हातातला ग्लास त्याने ओठाला न लावताच खाली ठेवला.

पाठोपाठ माइक आमच्याकडे आला. आम्ही म्हणालो, "सर्वांनी जेवून जावे."

घरी परतल्यावर मात्र आमची जीभ सुटली. पंधरा दिवस जो भेटेल त्याला आम्ही व्याह्यांच्या जुन्या भानगडी ऐकवल्या. त्यातल्या बहुतेक खऱ्या होत्या. पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यापुढे योग्य कारणाशिवाय दुसऱ्याचा खरा दोषही उघडा करू नये, असे कॅथोलिक धर्मशिक्षण आठव्या आज्ञेखाली सांगते (परिच्छेद २४७७). म्हणजे आम्ही मंडपात मुके आणि ओटीवर बोलके. दोन्हीकडे चुकलो.

आता लूकच्या शुभवर्तमानातला मार्थाच्या घरचा प्रसंग पाहा. स्वयंपाकात एकटी राबणारी मार्था येते आणि बहिणीची तक्रार थेट पाहुण्यापुढे करते, तीही बहिणीच्या देखत. मरिया तिथेच पायाशी बसलेली आहे. या प्रसंगात ती एक शब्दही बोलत नाही. प्रभू येशू ही गोष्ट हसण्यावारी नेत नाही आणि मार्थाला खडसावतही नाही. दोनदा तिला नावाने हाक मारतो, तिची दगदग ओळखतो आणि मग मरियेची बाजू घेतो. तक्रार सर्वांसमोर झाली, मरियेची बाजूही सर्वांसमोरच घेतली गेली. मार्थाचा मान मात्र राखला गेला. आम्ही हा उतारा कितीतरी वेळा ऐकला असेल, पण दरवेळी 'प्रार्थना मोठी की सेवा' याच विचारात अडकलो.

दुसरा गाल पुढे करावा, म्हणून गप्प बसावे, असे काहीजण म्हणतील. त्यांनी योहानचा अठरावा अध्याय वाचावा. महायाजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा प्रभूने हात उगारला नाही, पण तो गप्पही बसला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर मारतोस का, असे त्याने विचारले.

माइक हातात असताना आम्हाला एवढेच म्हणता आले असते: "गेले ७ महिने आमच्या मुलाने हे घर ज्या मायेने सांभाळले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. या तिघांसाठी ग्लास उंचावू या." व्याह्यांविरुद्ध त्यात अक्षर नाही. सगळे मुलासाठी आहे. समारंभात बोलायचे ते इतकेच. कुणी काय म्हटले, का म्हटले, हे तिथे उकरू नये. वाइन पोटात गेलेली असताना तर नाहीच नाही.

महिन्याभराने आम्ही व्याह्यांच्या घरी जाब विचारायला निघालो होतो. मुलाने अडवले. "पप्पा, त्यांच्या बोलण्याचं मला एवढं नाही वाटलं. माइक तुमच्याकडे आला तेव्हा वाटलं, तुम्ही काहीतरी बोलाल." मग म्हणाला, "आता तुम्ही जाऊ नका. त्यांच्याशी ती बोलेल."

पहिले वाक्य आम्हाला अजून झोंबते. दुसऱ्याने शहाणे केले. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे: आधी दोघांनी एकांतात बोलावे, मग एकदोघांना सोबत न्यावे, त्यानंतर मंडळीसमोर जावे. आपण आईबाप बऱ्याचदा शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतो आणि सगळा गोतावळा बरोबर नेतो. लग्न झालेल्या मुलाचे घर आता त्याचे आहे. आधी त्याला विचारावे, आणि सासरच्यांशी बोलायचेच असेल तर त्या घरच्या लेकराने बोलावे. बापाला मुलीचे जे ऐकवेल ते व्याह्यांचे ऐकवत नाही.

मात्र एक भेद करायला हवा. एकदा निसटलेला शब्द वेगळा आणि रोजचा जाच वेगळा. मुलीला सासरी हुंड्यावरून, रंगावरून किंवा मूल होत नाही म्हणून सतत घालूनपाडून बोलत असतील, तर 'सहन कर, आपला क्रूस समज' असे सांगून तिला परत पाठवू नये. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात अपमान आणि हेटाळणी हीदेखील हिंसा धरली आहे. मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणे तर त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि तसे करणे म्हणजे कुटुंबाशी द्रोह नव्हे.

आमच्या सूनबाई वडिलांशी बोलल्या. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. व्याह्यांनी कधी माफी मागितली नाही. गंमत केली, एवढेच त्यांचे म्हणणे. पण नोकरी गेल्याचे कळल्यापासून लेकीच्या काळजीने त्यांना झोप नव्हती, हे सूनबाईंकडूनच आम्हाला समजले. आम्ही तेही कधी विचारले नव्हते. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आम्ही आपणहून त्यांच्याकडे गेलो आणि ओटीवर जे बोललो होतो त्याची माफी मागितली. ते गडबडले, मग चहाला घरी घेऊन गेले.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला माइक आम्ही आधी मागून घेतला.