तंजावूरच्या राजवाड्यातील विज्ञानसाधने आणि आजचा वर्ग

प्रश्न : सरफोजी राजांनी विज्ञान शिकवण्यासाठी कोणती साधने वापरली? सहावी ते आठवीच्या शिक्षकाला आज त्यांतून काय घेता येईल?

उत्तर : दुसरे सरफोजी भोसले (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या तंजावूर राजवाड्यात हवा काढणारा पंप, विद्युत्‌यंत्र, खगोलीय उपकरणे आणि हस्तिदंती मानवी सांगाडा होता. त्यांनी नवविद्या कलानिधी शाळा स्थापन केली आणि राजवाड्यात देवनागरी छापखाना चालवला. पुस्तके, नकाशे व हस्तलिखिते आजच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जमली. मात्र शिक्षकाने सर्वात आधी पाहावे ते सरफोजींचे ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक. भविष्य सांगणारी भटकी कोरवंजी त्यात जगाचा भूगोल गाण्यांतून सांगते. लोकांच्या ओळखीच्या नाट्यप्रकारातून नवे ज्ञान देण्याची ही युक्ती खरोखर असामान्य आहे.

ओळखीच्यातून नव्याकडे नेण्याची हीच रीत आजच्या वर्गात वापरताना साधनांचा क्रम महत्त्वाचा. हवेचा दाब शिकवताना सुईविरहित सिरिंजमध्ये किंचित फुगवलेला इवलासा फुगा ठेवावा, टोक बोटाने बंद करून दट्ट्या ओढावा. आतला दाब घटतो, फुगा फुगतो. मुलांनी कारणाचा अंदाज वहीत लिहिल्यावरच ‘फेट’ (PhET) या शैक्षणिक सिम्युलेशन-संग्रहातील वायुकणांचे सिम्युलेशन पडद्यावर आणावे. न दिसणारे कण दाखवणे हे पडद्याचे खरे बळ; हाताने करता येणाऱ्या प्रयोगाची जागा त्याला देऊ नये. ‘फेट’ची अनेक सिम्युलेशन्स मराठीत मोफत आहेत आणि आधी उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवायही चालतात. एकच संगणक असल्यास तो मुलांनी आळीपाळीने हाताळावा.