ओला माळ आणि जमिनीतील अन्न

बिरवाडीच्या आसपास, आणि तेथून पोलादपूरच्या बाजूस, भाताच्या खाचरांच्या वर जे माळ व सडे आहेत, त्यांकडे आपण बहुधा पडीक जमीन म्हणूनच पाहतो. पावसाळ्याचे चार महिने त्यांवर घोट्याइतके पाणी झिरपत असते, आश्विनात गवत कापावयाचे, आणि पुढे फाल्गुन-चैत्रात तापलेला कातळ तेवढा उरतो. परंतु अशा भूमीत कोणती वनस्पती राहील व कोणती जाईल, हे ठरविणारा नियम मोठा विचार करण्याजोगा आहे. शिवाय “माळावर दोन गोण्या यूरिया टाकला तर वैरण वाढेल काय?” हा प्रश्न आता गावोगाव विचारला जात असल्यामुळे तो नियम आमच्या वाचकांनी समजून घ्यावा असे आम्हांस वाटते.

वनस्पतीस जमिनीतून जी द्रव्ये लागतात त्यांत नत्र, स्फुरद व पालाश ही तीन मुख्य होत. यांपैकी जे सर्वांत कमी असेल त्याच्याच मापाने वाढ होते. बाकीची कितीही असली तरी उपयोग नाही. पोहऱ्याची एक फळी आखूड असेल तर पाणी तितक्याच उंचीपर्यंत राहते, तसेच हे आहे. आता आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीचे पाहा. शंभर इंचांहून अधिक पाऊस दरवर्षी तिला धुऊन काढतो. विरघळणारी द्रव्ये ओढ्याने सावित्रीस मिळतात, आणि मागे लोखंड व ॲल्युमिनियम उरतात. ही दोन्ही स्फुरदास घट्ट धरून ठेवतात, मुळांस सहज देत नाहीत. पाणी साचले म्हणजे मातीतील हवा संपते, आणि तेथील सूक्ष्म जंतू नत्राचे वायूत रूपांतर करून तो उडवून देतात. मात्र त्याच वेळी हवेवाचून लोखंडाची पकड सैल होते व थोडा स्फुरद सुटा होतो. साचलेल्या डबक्यावर तेलासारखा निळसर तवंग दिसतो तो या सुटलेल्या लोखंडाचाच. काठीने ढवळला असता तो काचेच्या तुकड्यांसारखा फुटला तर लोखंडाचा समजावा. खरे तेल असल्यास ते फिरून एकत्र होते.

अशा उपाशी जमिनीवर थोडीच झाडे जगत असतील असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात उलट आढळते. भाद्रपदात सड्यावर बसून हातभर जागा निरखावी. पांढऱ्या गोंड्यांचे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवे, पिवळा कवला, दवबिंदू, तेरडा, लव्हाळ्याचे प्रकार आणि बारीक गवते ही सर्व शेजारी शेजारी उभी असतात. प्रत्येकाने आपले अन्न मिळविण्याची निराळी युक्ती शोधली आहे. कवल्याच्या मुळांवर गाठी असतात, व त्यांतील जंतू हवेतील नत्र बांधून त्यास देतात. हाच कवला आपण कोवळा असता भाजीस आणतो. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांस चिकट थेंब असतात. त्यांस डास-चिलटे चिकटली की पान त्यांना पचवून नत्र काढून घेते. सीतेच्या आसवांना तर खरी मुळेच नाहीत. त्यांच्या चिखलातील धाग्यांवर मोहरीहूनही लहान फुगे असतात, व स्पर्श होताच दार उघडून ते बारीक जीव आत ओढतात. सातारा जिल्ह्यातील कासचे पठार, जे २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आले, ते याच प्रकारच्या पातळ व निःसत्त्व मातीवर फुलते. ज्या मातीत शेतकरी नांगर घालणार नाही, ती पाहण्यास लोक गाड्या भरभरून जातात!

मग खत घातल्याने काय होते? याचे सर्वांत जुने उत्तर इंग्लंडातील रॉदमस्टेड येथे मिळाले. १८५६ साली लॉज व गिल्बर्ट या गृहस्थांनी एका गवताळ कुरणाचे पट्टे पाडून त्यांवर निरनिराळी खते घालण्यास आरंभ केला, आणि तो प्रयोग अद्याप चालू आहे. ज्या पट्ट्यांस काहीच दिले नाही त्यांवर सुमारे चाळीस जातींच्या वनस्पती आहेत. ज्यांवर नुसते अमोनियम सल्फेट पडत गेले आणि चुना पडला नाही, तेथील माती आंबट होऊन केवळ दोन-तीन जाती उरल्या. वैरण वाढत नाही असे नव्हे. नत्राबरोबर स्फुरद व पालाशही दिले त्या पट्ट्यांवर ती पुष्कळ वाढली. पण उंच, धटिंगण गवत पुढे सरसावले व त्याने खालच्यांचे ऊन अडविले. अन्नाची टंचाई होती तोवर सर्वांस जागा होती; ती संपताच भांडण उजेडावर गेले, आणि बुटके हरले.

ओल्या भूमीविषयी दुसरे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडाचे आहे. तेथील एव्हरग्लेड्स नावाच्या विस्तीर्ण दलदलीत उसाच्या मळ्यांतील स्फुरद वाहून आला, आणि करवतीसारख्या धारेच्या लव्हाळ्याची जागा पाणकणसाने घेतली. पाण्याच्या शंभर कोटी भागांत दहा भागांहून अधिक स्फुरद नसावा अशी मर्यादा तेथील सरकारास घालावी लागली. इतके अल्प द्रव्य एवढी उलथापालथ करते! युरोप व आशियातील पाणथळ कुरणे तपासून शास्त्रज्ञांनी २००५ साली असेही दाखविले की, दुर्मीळ वनस्पती विशेषतः स्फुरदाची चणचण असलेल्या जागीच तग धरतात. आणि स्फुरद एकदा मातीत बसला की नत्रासारखा उडून जात नाही, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी ही शास्त्रे वाचली नव्हती. तरी त्यांच्या रीतीने माळ राखले गेले. गवत कापून गोठ्यात आणावयाचे, पालापाचोळा व शेण राबास न्यावयाचे, राब भाजून रोप काढावयाचे. यात नत्र धुरावाटे जातो हे खरे. पण राखेतील स्फुरद व पालाश रोपास मिळतात. अशा रीतीने माळाचे अन्न वर्षानुवर्षे खाचरात उतरत गेले आणि माळ काटकच राहिला. हॉलंडातही ओली कुरणे राखण्यासाठी कापलेले गवत मुद्दाम बाहेर नेतात.

तेव्हा यूरियाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र असते. उतारावरील पातळ मातीवर, आषाढातील पावसात, त्यातील बराचसा ओढ्यात जाईल व पुढे डोहातील जलपर्णीस पोसेल. राहील त्यावर जाडे गवत वाढेल, आणि कवल्याची भाजी जाईल. ज्या विधवेस वा भूमिहीनास स्वतःचे शेत नाही, तिची पावसाळ्यातील भाजी याच माळावर असते, हे पैसेवाल्याने विसरू नये. खत खाचरातच घालावे, व तेही असे की वाहणार नाही. कोकणात प्रचारात आलेल्या चारसूत्री पद्धतीत भाताचा पेंढा जमिनीस परत देतात, गिरिपुष्पाचा पाला गाडतात, नियंत्रित अंतरावर लावणी करतात, व चार चुडांच्या मध्ये खताची गोळी चिखलात खोल खोचतात. ही रीत गरिबासही परवडण्याजोगी आहे.

शाळामास्तर व उपदेशक बंधूंनी मुलांकडून एक काम करवून घ्यावे. चार काठ्या बांधून हातभर चौकट करावी. भाद्रपदाच्या आरंभी ती प्रथम मोकळ्या सड्यावर, मग गुरे बसतात त्या जागी, आणि शेवटी उकिरड्याच्या कडेला ठेवावी. प्रत्येक ठिकाणी आत किती जाती आहेत त्या मोजाव्या व सर्वांत उंच रोपाची उंची लिहावी. उकिरड्याशी काटेमाठ गुडघ्यापर्यंत आलेला दिसेल. नावे माहीत नसल्यास प्रत्येक जातीचे एक पान वहीत दाबून ठेवावे, आणि पुढल्या वर्षी त्याच जागी, त्याच आठवड्यात, पुन्हा मोजावे.