पाजून झाल्यावर

पोरी, बाळाला अंगावर कसं घ्यायचं ते हल्ली दवाखान्यातल्या सिस्टर दाखवतात, आशाताईही घरी येऊन बघून जातात. बाळ अंगावरून सुटल्यावर काय करायचं, ते मात्र घरातल्या बायांनीच सांगावं लागतं. प्यालं, पेंगलं, ठेवलं पाळण्यात आणि घटकाभरात सगळं दूध दुपट्यावर. मग कोणीतरी म्हणतं, आईचं दूध जड पडलं. आईचं दूध जड पडत नाही गं. दुधाबरोबर गिळलेली हवा वर येताना दूध घेऊन येते, आणि एवढ्याशा जिवाच्या जठराचं तोंड अजून घट्ट मिटत नाही, एवढंच.

म्हणून पाजलं की लगेच आडवं करायचं नाही. खांद्यावर असं घे की पोट तुझ्या खांद्याला टेकेल, हनुवटी खांद्यावर येईल आणि नाक मोकळं राहील. एक हात कुल्ल्यांखाली. दुसऱ्या हाताचा तळवा जरा पोकळ कर आणि कमरेपासून वर पाठीवरून फिरव, मधूनमधून हलकं थोपट. शिजेरियनचे टाके ओढत असतील तर त्याला मांडीवर बसव, किंचित पुढे झुकव, तळहात छातीला लाव आणि जबडा बोटांच्या बेचक्यात धर. गळ्यावर बोट दाबू देऊ नकोस. एक बाजू संपवून दुसऱ्या बाजूला घेताना मध्येही एकदा असंच कर. ढेकर आलाच पाहिजे असं नाही. नीट धरून पिणारं बाळ हवा कमी गिळतं, त्याला कधी ढेकर येतच नाही. थोपटत रात्र काढू नकोस, पण पंधरा-वीस मिनिटं उभं धर. घरातल्या पुरुषाला हे काम दे. पाजणं त्याला जमणार नाही, हे जमेल, आणि तेवढ्यात तुझी पाठ गादीला लागेल.

तोंडाच्या कडेने थोडं दही आलं तर घाबरायचं नाही. दूध पोटात गेलं की फाटतंच. बाळ हसतंय, वजन चढतंय, तर ती नुसती गुळणी. उचकी लागली तर आपल्याकडे दुपट्याचा दोरा काढून टाळूवर ठेवतात. ठेवू दे, त्याने अपाय नाही. साखरेचं पाणी मात्र कोणालाही पाजू देऊ नकोस.

आता मानेकडे बघ. वसईची हवा दमट, त्यात मे महिना किंवा पावसाळा, आणि बाळाच्या मानेला तीन-तीन वळ्या. ओठांवरून ओघळलेलं दूध त्या वळ्यांत आणि कानामागे जाऊन बसतं, आंबतं, कातडी लाल होते. दिवसातून दोन-तीनदा मलमलीचा ओला बोळा घेऊन हनुवटी हलकेच वर कर, वळी उघडून पूस आणि लगेच कोरड्या फडक्याने टिप. पावडर नको, ती घामाने चिकटते आणि उडून बाळाच्या नाकात जाते. जिभेवरचा पांढरा थर खरवडायचा नाही, मध तर लावायचाच नाही. गालाच्या आतही पांढरे डाग असतील आणि पुसून जात नसतील तर डॉक्टरांना दाखव. औषध तुलाही लावावं लागेल, नाहीतर एकमेकांना संसर्ग देत राहाल. मालीश आणि अंघोळ पाजण्याआधी, भरल्या पोटी नाही.

झोपवायचं पाठीवर. मोहरीची उशी, तोंडापर्यंत ओढलेली गोधडी, दोन्ही बाजूंना लोड, यातलं काही नको. डोक्याचा आकार आपसूक बसतो.

आमच्या वेळच्या सगळ्याच गोष्टी धरून ठेवू नकोस. पहिल्या दिवसांचा पिवळा चीक पूर्वी पिळून टाकायचे, तोच बाळाला आजारांपासून राखतो. गुटी, मध, पाणी सहा महिने नाही. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, विरारच्या उकाड्यातही बाळाला वेगळं लागत नाही. बंद खोलीत शेगडीची धुरी बाळाच्या छातीत जाते, ती नको. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, मेथी, बोंबील, मांदेली खुशाल खा. मुशीच्या कालवणाने पान्हा वाढतो असं किनाऱ्यावर म्हणतात, पण मुशीत पारा साठतो, म्हणून तिला मी आता नाही म्हणते. पान्हा वाढतो तो बाळाने ओढल्याने. दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा घे, पाचव्या दिवसानंतर सहा लंगोट ओले झाले की पोट भरतंय असं समज. बोंड दुखत असेल तर बाळाने नुसतं बोंडच धरलंय. करंगळी तोंडात घालून सोडव आणि तोंड मोठं उघडेल तेव्हा पुन्हा दे. शेवटी आलेलं दूध बोंडाला लावून वाळू दे.

कोणी दुधाच्या पावडरचा डबा घेऊन आलं तर जुलै 2018 आठवून बघ. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली, वीज गेलेली, नळाला पाणी नाही. अशा दिवसांत बाटली उकळायची कशात आणि कुठल्या पाण्याने? टँकरच्या पाण्यात पावडर कालवण्याची पाळी शक्यतो येऊच देऊ नये. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तुला दूध उतरत नसेल, तर दुसऱ्या आईच्या दुधाचाही मार्ग आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. पूर्वी शेजारीण पाजायची. आता देणाऱ्या आईची तपासणी होते, दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात, मगच ते दुसऱ्याच्या बाळाला जातं.

कामावर परत जाशील तेव्हा हाताने काढलेलं दूध स्टीलच्या झाकणाच्या वाटीत ठेव. बाहेर चार तास, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्याही आत संपव. फ्रिजमध्ये एक दिवस धर, वीज जाऊन आली असेल तर फेकून दे. गॅसवर तापवायचं नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवायची आणि वाटी-चमच्याने पाजायचं. पहिल्या दोन बाळांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने आहे, ती पुरती घे. चर्चगेटची गाडी कुठे जात नाही.

आणि हे फ्रिजच्या दारावर लिहून लाव: हिरवी उलटी, पिचकारीसारखी उलटी, उलटीत रक्त, दूध ओढायचं सोडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, मिनिटाला साठच्या वर श्वास, तळहात-तळपाय पिवळे. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, मला विचारायलाही थांबायचं नाही. 108 लाव आणि बाळाला छातीशी धरून नीघ.